गेनू लोहाराची झाडं

फार वर्षांमागं, किती ते मला विचारू नका, हिरडेवाडीत गेनू नावाचा लोहार होता. गावाच्या वर डोंगरात रान होतं आणि रानाखाली झरा. गावाला पाणी तेवढंच. रान तुटत चाललं तसा झरा दर वर्षी लवकर आटू लागला. असेच आणखी चार उन्हाळे गेले तर गाव उठणार, हे सगळ्यांना कळत होतं. पाटलानं दंड लावला, भगतानं देवीचा धाक घातला. लोकांनी दोघांपुढे माना डोलावल्या आणि मागच्या वाटेनं रानात गेले.

गेनूनं कुणाला अडवलं नाही. कुऱ्हाडीला धार लावायला माणूस आला, की तो सगळ्यांदेखत एवढंच विचारी, "कंचं झाड?"

एकानं सांगितलं, "वढ्यावरचं उंबर."

भात्याजवळ बसलेला शेजारी म्हणाला, "आन् तुझी म्हस दुपारची बसंल कुठं?"

तो कुऱ्हाड तशीच घेऊन घरी गेला. खोटं झाड सांगितलं तर पहिल्याच घावाला धार वळायची, असं म्हणतात.

मग एकदा चिमाआजी विळा घेऊन आली. "धारेचं ऱ्हाऊ दे, गेनू," ती म्हणाली. "तुझ्या कोळशाला कंचं झाड गेलं, त्ये सांग."

गेनूचा घण हातातच राहिला. कोळसा तो स्वतःच करायचा, वरच्या रानातली उभी झाडं तोडून. त्याला फार लाज वाटली. पण विचारल्यावर सांगायचं, ही चाल त्यानंच पाडली होती. त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली. खिंडीतला ऐन, टेकाडावरचा खैर, झऱ्याच्या डोक्यावरची दोन जांभळं. ती नावं तीन दिवस संपली नाहीत, असं म्हणतात.

चौथ्या दिवशी त्यानं भट्टीवर पाणी ओतलं. पुढं तो फक्त वाळून पडलेल्या लाकडाचा कोळसा करी. तो पुरेना, म्हणून भट्टी आठवड्यातून एकदाच पेटे. घरची चूलही रोज पेटेच असं नाही. ते बघून लोकांनी चोरून रानात जाणं सोडलं आणि मागची वाट गवतानं बुजली. चौथ्या उन्हाळ्यात लोकांनी धास्तीनं सामान बांधायला काढलं, पण झरा आटलाच नाही.

गेनू गेला त्या दिवशी झऱ्याचं पाणी कोमट लागलं, तापलं लोखंड विझवल्यासारखं, असं म्हणतात.

आता भट्टी नाही, ऐरण तेवढी चिंचेखाली आहे. हिरडेवाडीत झाड तोडायचं तर आजही दिवसाउजेडी, चार माणसांसमोर, कुऱ्हाड त्या ऐरणीवर ठेवावी लागते. आधी गेनूचं एक झाड म्हणायचं, "खिंडीतला ऐन, गेनू लोहारानं तोडला." मग आपलं. अडवत कुणी नाही. गेनूचं झाड म्हणून झालं, की बरेच जण आपलं न म्हणताच कुऱ्हाड उचलतात आणि घरी जातात.