खुंटावरचा पाणकावळा आणि पहाऱ्यावरचा बगळा

जिथे नदी समुद्राला मिळते आणि पाणी धड गोडही नसतं, धड खारटही नसतं, अशा एका खाडीत एक पाणकावळा राहत असे. तिवराच्या झाडावर त्याचं काटक्यांचं घरटं होतं आणि घरट्यात दोन पिल्लं होती. पिलांची आई होळीच्या सुमारास कोळ्यांच्या जाळ्यात अडकली, ती परत आली नाही. तेव्हापासून त्या दोन चोचींचं सगळं ह्या एकट्यावर आलं होतं. पिलं उडू लागायला अजून महिना होता, आणि वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं.

उन्हाळ्यात खाडीचं काय होतं, ठाऊक आहे का, मुलांनो? काठचं उथळ पाणी असं तापतं की पाय घालवत नाही. मासे शहाणे, ते वळणाजवळच्या खोल डोहात, गार पाण्यात जाऊन बसतात. पाणकावळ्याला त्याचं काही नाही, तो बुडी मारून तळ गाठतो. पण बुडी मारली की त्याची पिसं चिंब भिजतात. मग पंख पसरून उन्हात बसायचं, आणि ते वाळेपर्यंत धड उडायची सोय नाही. अशा वेळी वरून गरुड आला तर संपलंच. गरुड येतो तोही उन्हाच्या बाजूने, डोळे दिपलेल्याला दिसतसुद्धा नाही.

त्याच खाडीत एक बगळा होता. पांढराशुभ्र, बोलणं मऊ, चालणं हळू. बघणाऱ्याला वाटावं, केवढा हा सज्जन. उथळात मासा नाही म्हणून त्याला चार दिवस उपास घडला होता. तो पाणकावळ्याला म्हणाला, "भाऊ, तू डोहातले मासे खालून उथळाकडे हाकल, माझं पोट भरेल. मग तू डोहाकाठच्या त्या जुन्या लाकडी खुंटावर पंख वाळवत बस, मी पहारा देतो. माझी मान उंच, नजर लांब. गरुड दिसला की ओरडेन, तू पाण्यात उडी घे."

पाणकावळ्याला ते पटलं. एकट्या बापाला आणखी काय हवं असतं? रोज ओहोटी लागली की तो डोहात शिरे, पिलांपुरते मासे धरी, बाकीचा थवा उथळाकडे पिटाळी, आणि घरट्यात घास देऊन निर्धास्तपणे खुंटावर येऊन बसे.

खुंटाच्या बुडाशी, चिखलात, एक म्हातारी कुर्ली, म्हणजे खेकड्याची मादी, राहत होती. ती एकदा त्याला म्हणाली, "अरे, तू वर बसतोस तेव्हाच मासे त्याच्या पायाशी आलेले असतात. त्याची पहाऱ्याची वेळ आणि जेवणाची वेळ एकच आहे. मान वर होते ती फक्त घास गिळताना."

पाणकावळा हसला. "कुर्लीबाई, बिळात राहून तुम्हाला सगळेच चोर दिसायला लागलेत. इतके दिवस मला काही झालं का?"

झालं नव्हतं, कारण इतके दिवस गरुड आलाच नव्हता. पण एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही.

अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला डोहातून बोय माशांचा भलामोठा थवा वर आला. बगळ्याच्या पायांभोवती पाणी नुसतं चमचमत होतं. तेवढ्यात त्या पाण्यावरून एक मोठी सावली सरकली. बगळ्याने ती पाहिली, नीट पाहिली. 'ओरडलो तर मासे पळतील,' तो मनात म्हणाला, 'हा एक घास, मग ओरडतो.' एक घास झाला. दुसरा मासा पहिल्यापेक्षा मोठा होता.

गरुड कोसळला तेव्हा पाणकावळ्याने कसंबसं स्वतःला खाली लोटलं. जीव वाचला, पण उजवा पंख मोडला; आता ना बुडी मारता येत होती, ना घरट्यापर्यंत उडता. सगळं झाल्यावर बगळा ओरडला, आणि असा ओरडला की अख्ख्या खाडीने ऐकलं. मित्रासाठी बिचाऱ्याने केवढा गळा काढला, असं पुढे कितीतरी दिवस सगळे म्हणत होते.

पाणकावळा पंख ओढत बगळ्याकडे गेला. "मला काही नको," तो म्हणाला, "माझ्या पोरांना रोज दोन मासे दे. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, मग ती उडतील."

"दिले असते रे," बगळा म्हणाला, "पण तू हाकलत नाहीस, तर उथळात मासा येणार कुठून? आपलं ठरलं होतं ते काही असं नव्हतं." बोलताना त्याच्या लांब गळ्यातून एक मासा खाली उतरत होता.

पहिल्या दिवशी घरट्यातून दोन आवाज येत होते, दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी तिवरावर सगळं शांत होतं. मला हे सांगायला आवडत नाही, मुलांनो, पण झालं ते असंच.

चिखलातले बारके जीव टिपून पाणकावळा जगला. काही दिवसांनी पलीकडच्या खाडीतून एक तरुण पाणकावळी नुकतीच उडू लागलेली तीन पिलं घेऊन आली. बगळ्याने तिलाही तेच सांगितलं, त्याच मऊ आवाजात. पाणकावळा सरपटत तिच्याकडे गेला आणि घडलं ते सगळं त्याने सांगितलं. तिने एकदा चिखलाने माखलेल्या त्याच्याकडे पाहिलं, एकदा पांढऱ्या बगळ्याकडे. "तुम्हाला आता शिकार जमत नाही," ती म्हणाली, "म्हणून दुसऱ्याचं बरं बघवत नाही."

'जाऊ दे मसणात,' पाणकावळ्याला वाटलं. पण त्याची नजर आभाळावरून हटेना. एक दिवस ती खुंटावर पंख पसरून बसलेली असताना उन्हाच्या बाजूने गरुड निघाला. बगळ्याची मान पाण्यात होती. झाडावरून तीन पिलांचा आवाज येत होता. तो आवाज ऐकला आणि पाणकावळा छाती फुटेल इतक्या जोराने ओरडला. पाणकावळीने पाण्यात उडी घेतली आणि ती वाचली.

वर आल्यावर ती थेट बगळ्याकडे गेली. "बगळेदादा, आज तुम्ही नसता तर माझी पोरं उघडी पडली असती. आणि तो चिखलातला मोडक्या पंखाचा बघा, नुसता बसून बघत होता."

बगळ्याने मान खाली घातली. "अगं, शब्द दिलाय मी तुला," तो म्हणाला.

कुर्ली बिळातून बाहेर आली. "सांग ना तिला, कोण ओरडलं ते."

"एकदा सांगून पाहिलं, कुर्लीबाई," पाणकावळा म्हणाला. त्याचा घसा बसला होता. "उद्या पुन्हा ओहोटीला ती तिथेच बसणार आहे. आवाज राखून ठेवतो."

तात्पर्य : पहारेकऱ्याचा रंग पाहू नये, पहाऱ्याच्या वेळी त्याची मान कुठे असते ते पाहावं, आणि जीव वाचलाच, तर आभार मानण्याआधी हाक कुठून आली होती, तेवढं विचारावं.