धुरपा लोहारणीची धाव

फार वर्षं झाली. तेव्हा वाघजाळीत धुरपा लोहारणीच्या हातची धाव नाही असं एकही चाक नव्हतं. धाव म्हणजे गाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी कडी. धुरपाला अक्षर येत नव्हतं, शिव्या मात्र तोंडपाठ. ती चिडली की भाता न ओढता लोखंड लाल व्हायचं, असं म्हणतात.

गावात हायस्कूल आलं. मॅट्रिकचे फॉर्म भरताना हेडमास्तर निफाड्यांनी गणितात कच्ची नऊ पोरं वगळली. का, तर शाळेचा निकाल शंभर टक्के दिसावा! रोगी हाकलायचे आणि गाव निरोगी म्हणायचं, त्यातली गत.

त्या नवांत गाडीवानाची तुळसा होती. "मावशी, आमच्या डोक्यात भुसा आहे म्हणाले."

धुरपाचं टाळकं फिरलं. "भुसा त्याच्या डोक्यात! बसा इथं."

महिनाभर तिनं नवांकडून चाकं मोजून घेतली. दोरीनं आधी आडवं, मग गोल. चाक लहान असो की थोर, आडव्याची तिप्पट आणि वर थोडं.

"अगं बाई, पुस्तकातलं बावीस सप्तमांश ते हेच!" तुळसा ओरडली.

"मग इतके दिवस काय घोकत होता, माझं कपाळ?"

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी धुरपा नवांना घेऊन शाळेत घुसली. "मास्तरा, विचार काय ते."

निफाड्यांनी विचारलं, "साडेतीन फूट व्यासाच्या चाकाला पट्टी किती?"

"अकरा फुटाला बोटभर कमी," तुळसा म्हणाली.

"अकरा फूट! नापास!" मास्तर हसले.

धुरपानं त्यांना मनगटाला धरून भट्टीवर नेलं आणि दोन धावा केल्या, एक मास्तरांच्या मापाची, एक पोरीच्या. पोरीची तापवून चढवली, पाणी ओतलं, तशी ती किंचाळत चाकाला आवळून बसली. मास्तरांची दोन हातांवर निसटली, उलट चढ चढून शाळेत गेली आणि त्यांच्या खुर्चीभोवती फिरत राहिली, असं म्हणतात.

"पोरी, आता नीट सांग."

"कागदावर अकरा. चाकावर बोटभर कमी, कारण तापलं की लोखंड वाढतं, निवलं की आवळतं."

"ऐकलंस? तिला दोन्ही येतं, तुला एकच. आता नापास कोण, मास्तरा?"

नऊच्या नऊ फॉर्म तिथंच ऐरणीवर भरले गेले. सगळी पास झाली म्हणणारे खोटारडे. सात झाली. दोघं पुढच्या साली पुन्हा बसली. त्यांना बसू दिलं, हे काय कमी?

आता गाड्या गेल्या, भट्टी विझली. पण वाघजाळीत दहावीचे फॉर्म अजून धुरपाच्या ऐरणीवरच भरतात, आणि पहिली सही गणितात सगळ्यात कच्च्या पोराची. शेवटची सही होईस्तोवर हेडमास्तरानं उभं राहायचं. मागे एका नव्या हेडमास्तरानं खुर्ची मागितली होती.

दिली नाही.