सर्रास दिसणारा आजार

"मग ते सगळं खोटंच होतं का, माई?"

माई मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

विश्वंभर त्यांचा जुना शिष्य. भजन चालू असताना तो मध्येच थांबायचा. डोळे एका जागी खिळायचे, ओठ चघळल्यासारखे हलायचे, बोटं उपरण्याशी चाळा करत राहायची. भानावर आला की म्हणायचा, "कापराचा वास आला. हे सगळं मी पूर्वी पाहिलंय." लोक त्याच्या पाया पडायचे. तोही पाय मागे घेत नसे.

मग एकदा विहिरीच्या काठावर तो असाच थांबला. दोघांनी धावत जाऊन मागे ओढला म्हणून वाचला. माईंनीच त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात धाडलं.

"डॉक्टर म्हणाले, ही फिटच आहे. कानशिलाच्या आत मेंदूचा जो भाग असतो, तिथून येते. म्हणाले, फिट येणाऱ्या मोठ्या माणसांत सर्रास दिसते. बाहेर बसलेत त्यांतल्या कितीतरी जणांना हीच आहे."

त्याचा आवाज चिरकला.

"सर्रास, माई!"

"गोळ्या घेतोस?"

"घेतो. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मग?"

"वास येत नाही आता. लोकही येत नाहीत. डोळे मिटून बसलो तर आत..."

"आत काय?"

"कुणीच नाही."

माईंनी सूप बाजूला ठेवलं.

"इस्पितळात तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"एक बाई. एकटीच आली होती. गावाकडचं काहीतरी सांगत होती, सांगता सांगता थांबली. ओठ हलायला लागले. बोटं पदराशी..."

"मग?"

"मला कळलं, माई. लगेच कळलं."

"मग?"

"उठलो. लांबच्या बाकावर जाऊन बसलो."

"भानावर आली ती?"

"आली. पिशवी छातीशी धरून इकडंतिकडं बघत राहिली. आपण कुठं आहोत तेच तिला उमगेना. विचारणार कुणाला? शेजारची जागा रिकामी होती."

"आणि तू भानावर यायचास तेव्हा?"

विश्वंभर हळूच म्हणाला,

"तुम्ही असायचात. माझं मनगट धरून."

बोलता बोलता त्यानं सवयीनं हात पुढं केला. माईंनी तो धरला नाही. हात तसाच राहिला... मग त्यानं तो मागे घेतला.

"परत कधी बोलावलंय?"

"सोमवारी."

"ती येईल?"

"सोमवारी सगळे तेच येतात. येईल." त्यानं मान खाली घातली. "पण मी जाऊन काय करू? माझ्याकडं द्यायला आता काहीसुद्धा उरलं नाही, माई."

"बरं झालं," माई म्हणाल्या. "मनगट धरायला हात मोकळाच लागतो."