चुनेवाल्याची गोडी विहीर

फार फार जुनी गोष्ट आहे बाळांनो, राजे पायी गावं फिरायचे तेव्हाची.

एका खाडीच्या काठी एक चुनेवाला राहत होता. भरतीने टाकलेले रिकामे शिंपले वेचायचे, भट्टीत भाजायचे आणि त्यांचा चुना करायचा, हा त्याचा बापजाद्यांचा धंदा. भट्टीला लाकूड लागे ते खाडीतल्या तिवराच्या झाडांचं. पण रीत अशी, की वठलेलं, पडलेलं तेवढंच घ्यायचं. उभ्या तिवराला कोयता लावायचा नाही. का, ते कुणी सांगत नसे. आजा पाळायचा म्हणून बापाने पाळली, बापाने पाळली म्हणून ह्याने.

खाडीला लागून मातीचा बांध, बांधाच्या आत भाताचं शेत, शेताच्या कडेला विहीर. खारं पाणी हाकेच्या अंतरावर, पण विहिरीचं पाणी शहाळ्यासारखं गोड. चुनेवाल्याची एकुलती एक लेक त्याच पाण्यावर वाढली, आणि लग्न होऊन दूर राजाच्या नगरात नांदायला गेली.

एकदा राजाच्या मनात आलं, आपलं नगर लांबून हंसासारखं दिसावं. दवंडी पिटली, दर सणाला घरन् घर पांढरं झालंच पाहिजे.

मग काय विचारता. चुनेवाल्याच्या दारात बैलगाड्यांची रांग लागली. पडलेलं लाकूड आठ दिवसांत संपलं. त्याने कोयता उचलला आणि तो उभ्या तिवरात शिरला.

तिथे चिखलात एक म्हातारी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचत होती. ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"काय रे, तुझ्या बापाने कधी लावला होता का इथे कोयता?"

"बापाच्या वेळी राजाला पांढऱ्याचा सोस नव्हता, आजी."

"अरे, ही झाडं लाटांचा मार अंगावर घेतात, म्हणून तुझा बांध उभा आहे."

"तुझ्या तिसऱ्या कमी होतील, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय."

"ते तर दुखणारच. पोट माझंच आहे ना," म्हातारी म्हणाली, आणि टोपली उचलून चालू लागली.

तीन वर्षं भट्टी विझली नाही. नगर पांढरंशुभ्र झालं. चुना इतका झाला की लोक गोठेसुद्धा रंगवू लागले. इकडे खाडीचा काठ मात्र बोडका झाला.

चौथ्या वर्षी श्रावणातल्या पुनवेला उधाण आलं. लाटा थेट बांधावर आदळल्या. सकाळी बांध फुटलेला आणि शेतात खाडी उभी. पाणी ओसरलं, पण मातीत मुरलेलं मीठ काही गेलं नाही.

त्याच महिन्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. डोलीतून उतरली, ओठ सुकलेले.

"सकाळपासून वाटेत कुठेच पाणी प्याले नाही बाबा. म्हटलं, आपल्या विहिरीचंच पिईन."

आई दारात खांबाला धरून उभी राहिली. तिच्याने हंड्याला हात लाववेना. शेवटी चुनेवाल्यानेच पोहरा सोडला आणि तांब्या भरून आणला. लेकीने दोन घोट घेतले. क्षणभर थांबली. तिसरा घोटही घेतला.

"गोड आहे," ती म्हणाली.

चुनेवाल्याने तिच्या हातातून तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी स्वतः प्याला. मग तो तिथेच, ओसरीच्या पायरीवर बसला.

गावातल्या सगळ्याच विहिरी तशा झालेल्या. गरोदर लेकीला खारं पाणी कसं पाजायचं? पाचव्या दिवशी डोली परत फिरली. पहिलटकरणीला माहेरातून माघारी धाडण्याची वेळ त्या घरावर कधी आली नव्हती. चुनेवाला डोलीमागून चालत गेला.

नगरात व्याही ओटीवर बसले होते. पाठीमागची भिंत डोळे दिपवत होती.

"काही म्हणा व्याही, तुमचा चुना मोठा स्वस्त," ते कौतुकाने म्हणाले.

चुनेवाला त्या भिंतीकडे बघत राहिला. त्याला तिथे आपलं शेत दिसलं, तिवर दिसला, म्हातारीची रिकामी टोपली दिसली.

त्या काळी लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बाप घेत नसे. तो तसाच निघाला. तेवढ्यात लेक भरलेली कळशी घेऊन बाहेर आली.

"आईसाठी न्या बाबा. तिला सांगा, लेकीने दिलंय."

रीत मोडून चुनेवाल्याने ती कळशी खांद्यावर घेतली. दोन दिवसांची वाट तो सांभाळून चालला, थेंब सांडू दिला नाही, आणि स्वतः त्यातला एक घोटही प्याला नाही.

पुढे त्याने भट्टी मोडली. मरेपर्यंत तो चिखलात तिवराची रोपं लावत होता. म्हातारी त्याला कुठे लावायची ते दाखवायची. नातू दहा वर्षांचा झाला तेव्हा झाडं त्याच्या खांद्याला लागली होती. विहीर अजून खारीच होती.

म्हणून सांगते, जी वस्तू आपल्याला स्वस्त मिळते, तिची उरलेली किंमत दुसरंच कुणीतरी मुकाट्याने भरत असतं.