डबक्यातल्या जळवा

फार जुनी गोष्ट. म्हशी तेव्हा बोलायच्या. विचार मात्र तेव्हाही करत नसत.

एक बगळी त्यांच्या कानात चोच घालून गोचिडी काढायची. म्हशी डोळे मिटून कान पुढे करायच्या.

एकदा ती म्हणाली, "बायांनो, डबक्यात जळवा झाल्यात. आत बसू नका."

"तुला गं काय कळतंय पाण्यातलं?" थोरली म्हैस फुरफुरली. "आमच्या आज्या-पणज्या तिथंच डुंबल्या."

यांच्या कानात माझी चोच चालते, शब्द चालत नाही, बगळी मनात चरफडली.

संध्याकाळी थोरली लटपटत वर आली. पोटाला जळवांचे घोस लटकत होते. "बगळीबाई, लवकर काढा हो! यातलं तुम्हालाच कळतं."

बगळीने एकेक उपटली. "आता तरी त्या पाण्यात..."

"तू आपलं चोचीपुरतं बघ," म्हैस म्हणाली, आणि जखमा चुरचुरू लागल्या तशी गारव्यासाठी पुन्हा डबक्यात जाऊन बसली.