दोन काळ्या गोळ्या

धुक्यात पेंगणाऱ्या सोनवळ राज्यात राजाने अफूवर बंदी घातली आणि तिची ओळख सांगण्यावरही. मग अफू चोरून, बाळगुटीच्या गोळ्या म्हणून विकली जाऊ लागली. बाळं पाळण्यात गाढ झोपत. काही उठतच नसत. येसू सुईण आयांना अफू वासावरून ओळखायला शिकवी, म्हणून तिला दरबारात उभं केलं.

"आयांना व्यसन शिकवतेस? राज्याबाहेर हो!" राजा गरजला. शेजारी त्याचा नातू पाळण्यात संथ झुलत होता.

येसूने दोन काळ्या गोळ्या पुढे ठेवल्या. "जाते, महाराज. ही गुटी आपल्याच बाजारातली. एक गोळी हिरड्याची, एक अफूची. बाळराजांसाठी कोणती उगाळू?"

राजाने प्रधानाकडे पाहिलं, प्रधानाने राजवैद्याकडे. वैद्याला ठाऊक होतं, पण हुकूम आठवून तो गप्प राहिला.

"अगं, तूच सांग!"

"सांगणं गुन्हा आहे, महाराज."

बाळ पोट दुखून रडू लागलं. राजाचा आवाज खाली आला. "अफूची ओळख न सांगण्याचा आणि तुला बाहेर काढण्याचा, दोन्ही हुकूम मागे घेतो. बोल, बाई."

"बंदीने अफू गेली नव्हती, महाराज. फक्त तिचं नाव गेलं होतं."

त्या दुपारी येसूसमोर बसलेल्या आयांमध्ये नातवाला मांडीवर घेऊन राजाही बसला, आणि डोळे मिटून एकेक गोळी हुंगू लागला.