ट्रिंगूचा हरवलेला कान

एक होता ट्रिंगू. ट्रिंगू म्हणजे फोनचा आवाज. केवढा होता? मोहरीएवढा. तारेत राहायचा. तारेतून पळायचा. सुळसुळ, सुळसुळ!

एक होती मैनू. तिचे बाबा केरबा. ते डोंगरावरच्या शाळेत होते. तिथल्या वसतिगृहात शंभर मुलांचा स्वयंपाक करायचे. डोंगरावर मोबाइलला रेंज नाही. म्हणून रोज चार वाजता मैनू घरून स्वयंपाकघरातल्या फोनवर फोन करायची. आईनं नंबर लावून द्यायचा. शेवटचा चार मैनूनं दाबायचा. टुक!

टुक झालं की ट्रिंगू निघायचा. सुळसुळ, सुळसुळ! स्वयंपाकघरात घंटी वाजायची. ट्रिंग ट्रिंग! बाबा पंच्याला हात पुसायचे. फोन कानाला लावायचे. मग ट्रिंगू बाबांच्या कानात जाऊन बसायचा. गरम गरम. मऊ मऊ. तोच ट्रिंगूचा कान.

पण तीन दिवस झाले, ट्रिंगूचा कान हरवला.

मैनूनं टुक केलं. ट्रिंगू पळाला. सुळसुळ, सुळसुळ! आणि धप्प! हे काय? इथं आमटीचा वास नाही. इथं अंधार. पुढं पोती, मागं भिंत. ट्रिंगू कोठीत येऊन पडला होता. तांदळाच्या पोत्यांमागं!

काल पण कोठीत. परवा पण कोठीत. मैनू पाच वेळा वाजू द्यायची. मग आई म्हणायची, "बाबा कामात असतील. ठेव फोन." मैनू फोन ठेवायची.

आणि मैनूकडे तर बातमी होती. फार मोठी बातमी. गुंजी शेळीला दोन करडं झाली होती! बाबा सांगून गेले होते, "करडं झाली की आधी मला सांग. नावं मी ठेवणार." तीन दिवस करडं बिननावाची. तीन दिवस!

ट्रिंगू म्हणाला, "असं चालायचं नाही." तो तारेतून निघाला. सुळसुळ, सुळसुळ! गेला स्वयंपाकघरात.

बाबा कांदा चिरत होते. मधेच फोनकडे बघत होते. फोन गप्प. बाबांना वाईट वाटत होतं. पोरगी विसरली की काय?

ट्रिंगू ओरडला, "बाबा!" पण पातेल्यात आमटी रटरटत होती. मोहरीएवढा आवाज कुठला ऐकू येतोय? घंटीच वाजायला हवी.

ट्रिंगू घंटीकडे गेला.

"घंटी, घंटी, वाज ना. माझा कान मला मिळेना!"

घंटी म्हणाली, "डब्यानं पाठवल्याशिवाय मी वाजत नाही!"

ट्रिंगू निघाला. सुळसुळ, सुळसुळ! ऑफिसात फोनचा डबा होता. त्यावर हिरवे दिवे. लुकलुक, लुकलुक. सगळे फोन आधी डब्यात यायचे. डबा एकेकाला वाट दाखवायचा.

"डब्या, डब्या, पाठव ना. घंटी वाजेना, माझा कान मला मिळेना!"

डबा म्हणाला, "पाटी दिसल्याशिवाय मी पाठवत नाही!"

या डब्याला कुलूप नव्हतं बरं का. पुष्कळ गावच्या माणसांनी मिळून तो बनवलेला. कुणीही आत जावं, कुणीही वाचावं. ट्रिंगू आत गेला. आत होत्या पाट्या. एकीखाली एक, एकीखाली एक. कुठला फोन कुठं न्यायचा, ते पाट्यांवर लिहिलेलं.

खाली एक छोटी पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, "चार दाबला, तर स्वयंपाकघरात न्या."

"छोटी पाटी, छोटी पाटी, दिस ना. डबा पाठवेना, घंटी वाजेना, माझा कान मला मिळेना!"

छोटी पाटी म्हणाली, "मोठी पाटी सरकल्याशिवाय मी दिसत नाही!"

ट्रिंगूनं वर पाहिलं. अबब! सगळ्यात वर एक मोठी पाटी. हातपाय पसरून बसलेली. तिच्यावर लिहिलं होतं, "सगळे फोन कोठीत न्या."

डबा पाट्या वरून खाली वाचतो. जी पहिली जुळली, तिचंच ऐकतो. पुढं वाचतच नाही. आता पहिलीच पाटी म्हणते, सगळे फोन कोठीत. मग छोटीला कोण विचारतो?

"मोठी पाटी, मोठी पाटी, सरक ना. छोटी दिसेना, डबा पाठवेना, घंटी वाजेना, माझा कान मला मिळेना!"

मोठी पाटी म्हणाली, "कळा चालल्याशिवाय मी सरकत नाही!"

ट्रिंगू निघाला. सुळसुळ, सुळसुळ! डब्याशेजारी टेबल. टेबलावर कळा. क, ख, ग, एक, दोन, तीन. सगळ्या आपापल्या जागी बसलेल्या.

"कळांनो, कळांनो, चला ना. मोठी सरकेना, छोटी दिसेना, डबा पाठवेना, घंटी वाजेना, माझा कान मला मिळेना!"

कळा म्हणाल्या, "ताईनं दाबल्याशिवाय आम्ही चालत नाही!"

ताई म्हणजे हर्षदाताई. फोनचं सगळं तीच बघायची. ती खुर्चीत बसून चहा पीत होती. फुर्र फुर्र. ऑफिस अगदी शांत. म्हणून तिला ट्रिंगू ऐकू आला.

"ताई, ताई, दाब ना. कळा चालेनात, मोठी सरकेना, छोटी दिसेना, डबा पाठवेना, घंटी वाजेना, माझा कान मला मिळेना!"

ताई म्हणाली, "हे बघ बाळा. मागं एकदा मी तोंडी ऐकून पाटी बदलली. सगळ्यांचे फोन न्हाव्याच्या दुकानात गेले. आता वहीनं सांगितल्याशिवाय मी दाबत नाही!"

आणि तिनं उरलेला चहा प्यायला. फुर्र.

ट्रिंगू निघाला. सुळसुळ, सुळसुळ! दारामागं वही टांगलेली. तिच्यावर नाव, "तक्रार वही". वहीचं पान कोरं.

"वही, वही, सांग ना. ताई दाबेना, कळा चालेनात, मोठी सरकेना, छोटी दिसेना, डबा पाठवेना, घंटी वाजेना, माझा कान मला मिळेना!"

वही म्हणाली, "ज्याच्या खोलीत घोळ, त्यानं लिहायचं. फोन वाजतो कोठीत. गुंडूमामांनी लिहिल्याशिवाय मी सांगत नाही!"

गुंडूमामा म्हणजे कोठीवाले मामा. ट्रिंगू पुन्हा कोठीत. सुळसुळ, सुळसुळ! मामा गव्हाच्या पोत्यावर बसून डाळ निवडत होते. खडा सापडला की बाजूला टाकायचे. टिक. टिक.

"मामा, मामा, लिहा ना. वही सांगेना, ताई दाबेना, कळा चालेनात, मोठी सरकेना, छोटी दिसेना, डबा पाठवेना, घंटी वाजेना, माझा कान मला मिळेना!"

मामा म्हणाले, "आरं, त्यो फोन पोत्यांमागं. पाचदा वाजतोय आन् गप होतोय. पाचदा वाजला म्हणून कोण उठतंय? दहादा वाजल्याबिगर म्या उठत न्हाय! आन् उठल्याबिगर म्या लिहीत न्हाय!"

टिक. आणखी एक खडा.

आता काय करायचं? ट्रिंगू दमला. मोहरीएवढाच तो. पण निघाला. डोंगर उतरला. ओढा ओलांडला. तारेतून तारेतून थेट मैनूच्या घरी. सुळसुळ, सुळसुळ!

मैनू फोन कानाला लावून उभी होती. मांडीशी एक करडू, पायाशी एक करडू. आई म्हणत होती, "मैने, ठेव आता. बाबा कामात असतील."

ट्रिंगू मैनूच्या कानात म्हणाला,

"मैनू, मैनू, ठेवू नको ना. मामा लिहीनात, वही सांगेना, ताई दाबेना, कळा चालेनात, मोठी सरकेना, छोटी दिसेना, डबा पाठवेना, घंटी वाजेना, माझा कान मला मिळेना!"

मैनूनं फोन दोन्ही हातांनी धरला. घट्ट. पाय आपटला. धप्प!

मैनू म्हणाली, "बाबांशी बोलल्याशिवाय मी फोन ठेवत नाही!"

शाब्बास मैनू!

ट्रिंगू उलटा पळाला. ओढा ओलांडला. डोंगर चढला. कोठीत शिरला. पोत्यांमागं वाजायला लागला.

ट्रिंग, एक. ट्रिंग, दोन. ट्रिंग, तीन. ट्रिंग, चार. ट्रिंग, पाच.

मामा म्हणाले, "आता थांबंल." आणि डाळ निवडायला लागले.

ट्रिंग, सहा! मामांचा हात थांबला.

ट्रिंग, सात! मामांनी मान वर केली.

ट्रिंग, आठ! "आरं तिच्या!"

ट्रिंग, नऊ! मामांच्या मांडीवरचं ताट हललं.

ट्रिंग, दहा! मामा उठले!

"ह्यो फोन काय गप बसायचा न्हाय," मामा म्हणाले. मामा चालले. थप थप, थप थप. ऑफिसात आले. वही काढली. पेन काढलं. मोठ्या अक्षरात लिहिलं, "फोन कोठीत वाजतोय. कोठीत त्याचं काय काम न्हाय."

मामांनी लिहिलं, मग वहीनं सांगितलं. ताईनं वाचलं. ताईनं कपाळावर हात मारला.

"अगंबाई! ही पाटी मीच लावलेली! स्वयंपाकघराला रंग देत होते, तेव्हा. 'स्वयंपाकघराचे फोन कोठीत' असं लिहायचं होतं. घाईत 'सगळे' लिहिलं. रंग वाळला आणि पाटी काढायची राहिली!"

मामा म्हणाले, "तरीच तीन दिस हापिसात येवढी शांतता. आमाला वाटलं, लोक शहाणी झाली."

वहीनं सांगितलं, मग ताईनं दाबलं. टक टक टक. ताईनं दाबलं, मग कळा चालल्या. कळा चालल्या, मग मोठी पाटी सरकली. वरून निघाली, थेट तळाशी जाऊन बसली. ताई तिला म्हणाली, "ज्या फोनला कुणीच नाही, तो तुझा. बाकीच्यांना हात लावायचा नाही." मोठी म्हणाली, "बरं."

मोठी सरकली, मग छोटी दिसली. छोटी दिसली, मग डबा...

डबा पाठवेना!

"आता काय झालं?" ट्रिंगू ओरडला.

डबा म्हणाला, "मी पाट्या सकाळीच पाठ केल्या. कुणी 'पुन्हा वाच' म्हटल्याशिवाय मी वाचत नाही!"

ताई म्हणाली, "हो की! विसरलेच." तिनं आणखी एक कळ दाबली. टक! "पुन्हा वाच रे डब्या."

डब्याचे दिवे लुकलुकले. डब्यानं वरून खाली वाचलं. चार दाबला? हो, दाबला. मग स्वयंपाकघरात!

"ट्रिंगू, इकडं ये. तुझी वाट ही." डब्यानं ट्रिंगूला पाठवलं. सुळसुळ, सुळसुळ, सुळसुळ!

डब्यानं पाठवलं, मग घंटी वाजली.

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

बाबांच्या हातातून कांदा पडला. बाबांनी पंच्याला हात पुसले. फोन उचलला. कानाला लावला. आणि ट्रिंगू टुणकन उडी मारून कानात जाऊन बसला. गरम गरम. मऊ मऊ.

"हॅलो?"

"बाबा!"

बाबांचे डोळे भरले होते. कांद्यानं नाही.

"बाबा, गुंजीला दोन करडं झाली! एक काळं, एक पांढरं. पांढऱ्याच्या कानावर ठिपका आहे. तीन दिवस झाले. नावं सांगा ना!"

"आरं वा! माझी बाय ती," बाबा म्हणाले. "थांब हां. इचार करतो." बाबांनी विचार केला. आमटी रटरटली. "काळ्याचं नाव ट्रिंग."

"आणि पांढऱ्याचं?"

"पांढऱ्याचं पण ट्रिंग."

"दोघांचं एकच?"

"व्हय. तू म्हणायचं ट्रिंग ट्रिंग. मग दोघं बी येत्यात."

मैनूनं हाक मारली, "ट्रिंग ट्रिंग!" दोन्ही करडं आली. टुणुक टुणुक. मैनू हसली. बाबा हसले. कानात बसलेला ट्रिंगू पण हसला.

तिकडं कोठीत मामांनी पोती बाजूला केली. उगाच नको पुन्हा दहादा वाजायला.

आई म्हणाली, "मैने, ठेवतेस का आता?"

मैनू म्हणाली, "बाबांशी बोलून झालं. आता मी फोन ठेवते."

ट्रिंगूला मिळाला कान, करडांना मिळालं नाव, आणि मैनूनं ठेवला फोन. ठक्क!